दोन शेळ्यांचा कॅमेरा

नालबंदाचं मनगट बैलानं मोडलं, असं सगळा बाजार सांगत होता. खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. त्यातल्या बैलाला सांगता येत नव्हतं आणि फोटोवालीचं कुणी ऐकत नव्हतं.

त्या दिवशी बैल पाडलेला होता, चारी पाय दोरानं आवळलेले. नालबंद आबांनी शेवटचा खिळा ठोकला, खुराबाहेर आलेलं त्याचं टोक मोडलं, कानशीनं घासलं आणि दोर सोडायला घेतला. तोंड नेहमीसारखं चालूच होतं. आबा माणसांशी फारसं बोलत नसत, पण जनावराचा पाय हातात आला की त्यांची जीभ सुटायची. "झालं रे राजा, झालं. पुढचा उजवा भाजतोय ना? भाजणारच. डांबरावरून पळवलाय तुला मालकानं. आता चार दिवस ओल्या मातीत उभा राहा म्हणजे बरं वाटेल." जनावर त्या आवाजावर स्वस्थ पडून राहायचं. खुरात खिळा जातोय आणि कानाशी कुणीतरी आपलंच दुखणं सांगतंय, एवढं त्याला पुरत असावं.

तेवढ्यात बाजारातल्या दलालाचा भाचा त्याचा तो भलामोठा कॅमेरा घेऊन आला आणि बैलाच्या तोंडासमोर उकिडवा बसला. खट्याक! वर फ्लॅशचा लख्ख उजेड. अर्धवट सुटलेला बैल अंगात आल्यासारखा उसळला आणि आबांचं मनगट खूर आणि ऐरण यांच्यामध्ये सापडलं. हाड मोडल्याचा आवाज फोटोवालीला दहा पावलांवरून ऐकू आला.

"थकला म्हातारा," दलाल जमलेल्या लोकांना म्हणाला. "हात चालत नाहीत आता. तोंड मात्र चालतं."

फोटोवाली हे नाव तिला चेष्टेनं पडलं होतं. सासर सोडून बापाकडे, आबांकडे परत आली, तेव्हा लोकांनी दुसरी नावं ठेवून पाहिली, पण ती टिकली नाहीत. आबा नाल मारत असताना ती मोबाइलवर जनावरांचे फोटो काढायची. मालक ते ग्रुपवर टाकायचे आणि लांबचं गिऱ्हाईक फोटो बघून बाजारात यायचं. त्याबद्दल कुणी चार पैसे द्यायचं, कुणी चाऱ्याची पेंढी. आबांचा मोडका हात झोळीत बांधून गळ्यात आल्यावर घर त्या फोटोंवर आलं. दलालाच्या नेमकं तेच डोळ्यावर आलं.

पुढच्याच बाजारात त्यानं जाहीर केलं. विकायची जनावरं फिरवून दाखवायचं रिंगण त्याच्या ताब्यात, तिथं मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत. ज्याच्याकडे कॅमेरा, त्यानंच काढायचे. अख्ख्या बाजारात कॅमेरा एकच होता. तो कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको.

"मी कॅमेरा आणला तर?" ती म्हणाली.

दलाल हसला. त्याच्याबरोबर चहा प्यायलेले चारजणही हसले. "आण की बाई. पण कॅमेरा म्हणजे कॅमेरा हं. पोराटोरांचं खेळणं चालायचं नाही."

"शब्द?"

"शब्द!"

"सगळ्यांनी ऐकलं ना?" तिनं भोवती बघितलं. कुणी मान हलवली नाही, पण ऐकलं सगळ्यांनी.

घरी येऊन ती बोलली तेव्हा धाकटा भाऊ जेवताजेवता थांबला. "ताई, डोकं ठिकाणावर आहे का? घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा! कशाच्या जिवावर घ्यायचा कॅमेरा?"

"शेळ्यांच्या."

दावणीला तीन शेळ्या होत्या. दोन पांढऱ्या तांबूस, एक काळीकुट्ट. काळी गाभण होती, तिला हात लावायचा नव्हता. म्हणजे दोन शेळ्यांत जो बसेल तो कॅमेरा. धाकट्यानं मग मोबाइलवर बघून हिशेब मांडला. हा तीन शेळ्यांचा, हा सात शेळ्यांचा, हा तर म्हशीसकट गोठा विकला तरी यायचा नाही. आबा एका हातानं शर्टाचं बटण लावायची खटपट करत होते. काज सापडत नव्हतं. हल्ली रोज सकाळी लेकीपुढे छाती करून उभं राहावं लागायचं आणि तेवढा वेळ ते छपराकडे बघत राहायचे.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "माझ्यामुळेच दोन शेळ्या जाणार."

"तुमच्यामुळे नाही. त्या खट्याकमुळे," ती म्हणाली आणि त्यांचं बटण लावून मोकळी झाली.

शहरात जायच्या दिवशी काळीनं घर डोक्यावर घेतलं. दोघी निघालेल्या बघून ती दावं तोडून टेम्पोमागे धावली, तेव्हा तिलाही वर घ्यावं लागलं. दोन्ही शेळ्या सकाळीच विकल्या गेल्या. एकीनं जाताना मागे वळून बघितलं. फोटोवालीनं मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं, कारण रडायला वेळ नव्हता. काळीला त्यांनी कॅमेऱ्याच्या दुकानाच्या कठड्याला बांधलं आणि आत गेले.

आत थंडगार हवा आणि काचेची कपाटं. आबांनी चपला बाहेर काढल्या. दुकानदारानं तिघांकडे बघितलं आणि धाकट्याला विचारलं, "बोला साहेब, काय दाखवू?"

धाकट्यानं भाच्यासारखाच एक जाडजूड कॅमेरा निवडला. जुना होता, पण हातात घेतल्यावर माणूस पत्रकार दिसायचा. "ताई, हाच. दलालाचे डोळे पांढरे होतील. बाजारात कॅमेरा दिसायला पाहिजे."

दुकानदारानं बटण दाबून दाखवलं. खट्याक. आबांनी गळ्यातला हात छातीशी धरला आणि एक पाऊल मागे सरकले. कुणाला कळलं नसतं, पण तिला कळलं.

"हा नको," ती म्हणाली.

"अहो, हा चांगला चालतो, लग्नासमारंभात..."

"लग्नातली माणसं दावं तोडत नाहीत. आवाज न करणारा आहे का?"

आता दुकानदार पहिल्यांदा तिच्याकडे वळला. "आहेत की. मिररलेस म्हणतात. यात आत आरसा असतो, तो फोटो काढताना वर उचलला जातो आणि आपटतो. त्या मिररलेसमध्ये आरसाच नाही. आवाज पूर्ण बंद करता येतो. पण गिऱ्हाइकांना ते आवडत नाही बघा. खटका ऐकू आला नाही तर पैसे वसूल झाले असं वाटत नाही."

"आमचं गिऱ्हाईक चार पायांचं आहे," आबा म्हणाले. घरातून निघाल्यापासून ते पहिल्यांदा बोलले होते.

दुकानदारानं तळहाताएवढा एक कॅमेरा पुढे ठेवला. धाकट्यानं कपाळाला हात लावला. "हे तर खरंच खेळणं! ताई, तो दलाल काय म्हणाला होता आठव."

तिनं कॅमेरा उचलला आणि दाराकडे निघाली. दुकानदार लगबगीनं मागे आला, कारण कॅमेऱ्याचा पट्टा अजून त्याच्या हातात होता. बाहेर ऊन रणरणत होतं. तिनं काळीसमोर कॅमेरा धरला आणि पडद्यावर तिला स्वतःचंच घामेजलेलं तोंड दिसलं. उन्हात त्या पडद्याचा नुसता आरसा झाला होता. शिवाय कॅमेरा काळीच्या अंगावर घुटमळत राहिला. कधी कठडा स्पष्ट, कधी मागचा रस्ता, शेळी मात्र सगळी काळी धूसर.

"हा कॅमेरा काय शोधतोय?" आबांनी विचारलं.

"शेळी," ती म्हणाली.

"एवढी समोर उभी आहे की!"

दुकानदाराला हसू फुटलं. पण माणूस हाडाचा दुकानदार होता, आणि उन्हात शेळीवर कॅमेरा तपासणारं गिऱ्हाईक त्याला आजवर मिळालं नव्हतं. आता त्याला चेव आला. तो आत जाऊन आणखी दोन घेऊन आला. एकाला डोळा लावायची खिडकी नव्हती, तो तिनं हातात घेण्याआधीच परत केला. दुसरा मागच्या सालचा, एकानं घेऊन महिन्याभरात परत आणलेला. त्याला खिडकी होती. डोळा लावल्यावर बाहेरचं ऊन गेलं आणि काळीचा पिवळा डोळा, त्यातली आडवी बाहुली, पापणीवर बसलेली माशीसुद्धा दिसली. डोळ्याभोवती एक बारीकशी चौकट येऊन बसली. काळी मान फिरवायची, चौकट तिच्या मागे जायची.

"जनावराचा डोळा ओळखतो हा," दुकानदार म्हणाला. "आणि चालत चालत व्हिडिओ घेतलात तरी फारसा हलणार नाही. खरं सांगतो, उन्हात सलग चालवलात तर तापतो आणि बंद पडतो. सावली द्यावी लागेल."

"सावली आम्हाला पण लागते," ती म्हणाली. "माइक लागतो का याला?"

"लागतो. तुम्हाला कशाला?"

"मालक म्हणतात, नुसता फोटो नको. दात किती, कामाला कसा, हे कुणीतरी सांगितलं पाहिजे. आबा सांगतील. हात नाही, तोंड तर आहे."

तिनं बटण दाबलं. काही ऐकू आलं नाही. काळी रवंथ करत राहिली. आबांनी कान टवकारून वाट बघितली आणि म्हणाले, "बिघडलाय?"

"निघाला फोटो, आबा."

आबांनी मोडक्या हातावरचा चांगला हात काढला आणि कॅमेऱ्याला एकदा हलकेच हात लावला, नव्या जनावराच्या कपाळाला लावतात तसा. "हाच घे," ते म्हणाले.

दोन शेळ्यांत कॅमेरा बसला, पण पिशवी आणि तीन पायांचं स्टँड बसेना. धाकटा घासाघीस करायला लागला. ती म्हणाली, नको ते. पिशवी घरी शिवू, स्टँडशिवाय चालेल. निघताना दुकानदारानं कॉलरला अडकवायचा, वापरलेला एक बिनतारी माइक खणातून काढून वर दिला. "शेळीमुळे आज करमणूक झाली," म्हणाला. काळीनं तोवर त्याच्या दारातल्या कुंडीतलं झाड अर्धं खाल्लं होतं. तिघांनी तिला घाईघाईनं सोडलं आणि वाट धरली.

आबांच्या चामडी एप्रनची आता गरज नव्हती. तिनं दाभणानं त्याचीच पिशवी शिवली. चामड्याला खुराचा आणि जळक्या शिंगाचा वास होता, तो काही केल्या गेला नाही. मग बाजार येईपर्यंत रोज सकाळी गोठा काढून झाला की ती शेतातल्या वाटेवर पाठमोरी चालत व्हिडिओ घ्यायला शिकली. समोरून शेजाऱ्याचा बैल, बैलाला धरून आबा. ती दोनदा बांधावरून पडली. कॅमेरा छातीशी धरून पडायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. ढोपरं सोलली, कोपर सुजलं. धाकटा म्हणायचा, "ताई, मागे पण डोळे असलेला कॅमेरा घ्यायला हवा होता." पण शेणाचे पो टाळत पुढे पुढे तोही तिच्या मागे हात धरून चालायला लागला.

बाजाराच्या दिवशी तिनं आबांच्या शर्टाची बटणं लावली आणि वरच्या बटणाशेजारी माइक अडकवला.

रिंगणाच्या दाराशी दलालानं पिशवीतला कॅमेरा बघितला आणि मोठ्यानं हसला. "अरे, मंगळसूत्राच्या डबीत ठेवून आणला की काय? भाच्या, तुझा दाखव रे जरा!" भाच्यानं आपला तोफेसारखा कॅमेरा वर केला. लोक हसले.

"नाकापेक्षा मोती जड असून काय करायचा?" ती म्हणाली. "कॅमेरा आणा म्हणालात, आणला. शब्द दिलात."

"दिला ना. पण परीक्षा घेतल्याशिवाय रिंगण नाही. माझा पांढरा बैल आहे बघ तिकडे. त्याचा काढ."

लोकांचं हसणं थांबलं. तो बैल सगळ्यांना माहीत होता. देखणा, उंच, पण डोक्यानं फिरलेला. भाच्यानं तीनदा प्रयत्न केला होता आणि तिन्ही फोटोंत बैलापेक्षा धूळच जास्त होती. चांगलं गिऱ्हाईक आलेलं होतं. पांढऱ्या मिशांचा, वाकलेल्या पाठीचा एक शेतकरी, सोबत सून. त्यांना घरी दाखवायला व्हिडिओ हवा होता.

बैल खुंट्याला फुरफुरत उभा होता. आबा चांगला हात पुढे करून त्याच्या बाजूनं गेले, समोरून नाही. कानाखाली खाजवलं. वेसण हातात घेतली. आधी ठरल्याप्रमाणे मोठ्यानं बोलले, "सहा दाती बैल. नांगराला, गाडीला दोन्हीला चालतो." मग बैलाला घेऊन चालायला लागले. ती पाठमोरी चालत राहिली, कमरेला धाकट्याचा हात. बैलानं दोनदा मान झटकली. आबांचे ओठ हलत होते, बैलाची मान खाली आली. खटका नाही, उजेड नाही. रिंगणाला पूर्ण फेरी झाली. बैल कोकरासारखा परत खुंट्याशी येऊन उभा राहिला. दलालाच्या माणसांपैकीच एकाच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

धाकट्याची छाती दोन इंच फुगली. त्यानं व्हिडिओ मोबाइलवर घेतला, आवाज होता तेवढा मोठा केला आणि सगळ्यांसमोर धरला. सून, म्हातारा शेतकरी, दलाल, भाचा, सगळे वाकून बघायला लागले.

बैल चालत होता, झळाळत होता. आणि आबांचा आवाज, कॉलरवरून, अगदी कानात सांगितल्यासारखा: "सहा दाती बैल. नांगराला, गाडीला दोन्हीला चालतो... हळू रे राजा, हळू. दुखतंय मला माहीत आहे. मागचा डावा ना? आतून नासलाय खूर. टेकवतोस आणि उचलतोस. कुणी बघितलाच नाही रे तुझा पाय. वरून काळा रंग फासून उभा केलाय. म्हणून डोकं फिरतं होय तुझं? माझं पण फिरलं असतं..."

धाकट्याला मोबाइल बंद करायचं सुचलंच नाही. आबांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांचा हात कॉलरकडे गेला. माइक तिथं आहे हे ते विसरले होते. जनावर हातात आल्यावर ते सगळंच विसरत.

"मागचा डावा उचलून दाखवा," म्हातारा शेतकरी शांतपणे म्हणाला.

कुणी पुढे झालं नाही. सुनेनं ओढणी सावरली आणि सासऱ्याला म्हणाली, "चला मामंजी, पुढच्या दावणीला बघू." ते गेले.

दलालाचं तोंड लालबुंद झालं होतं. पण तो मुरलेला माणूस होता, गर्दीसमोर ओरडला नाही. लोक पांगल्यावर तिच्याजवळ आला. "हे बघ, तुझं काम मी बघितलं. चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. भाच्याला उद्यापासून बंद करतो. वर्षभर रिंगण तुझं. फक्त तो व्हिडिओ पुसून टाक आणि पुन्हा काढ. म्हाताऱ्याला नुसतं चालू दे. त्याचं तोंड नको."

धाकटा कुजबुजला, "ताई, आवाज काढून टाकायला एक बटण लागतं. मी करतो." त्याचा आवाज काकुळतीला आला होता. "ताई, वर्षभर."

"माझंच चुकलं," आबा म्हणाले. खाली बघून, चपलेनं माती उकरत. "त्यांचं खरं आहे. माझ्या तोंडाला कुलूप हवं. पोरी, तू काढ. मी गप्प चालेन. नाहीतर दुसऱ्या कुणाला धरायला सांग."

तिला राग आला. दलालाचा नव्हे, बापाचा. मग त्यांच्या गळ्यातल्या झोळीकडे, तिच्यात वाकड्या बसलेल्या बोटांकडे तिची नजर गेली आणि राग जिथं जायला हवा होता तिथं गेला.

"बैल तुमचा आहे," ती दलालाला म्हणाली. "व्हिडिओ मी कुणाला पाठवणार नाही. हवा तर घ्या, नको तर राहू दे. पण घ्यायचा तर आवाजासकट. हात तुम्ही मोडलात. तोंड बंद करायला मी मदत करणार नाही."

"हात बैलानं मोडला!"

"तो बैल इथंच असेल कुठंतरी. त्याला विचारूया? आबांशी बोलतो तो."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. आता दलालाचा तोल गेला. "चालती हो! रिंगणात पाय ठेवलास तर बघ. खेळणं घेऊन आली मोठी!"

"जाते की. ओरडू नका, जनावरं बुजतात."

ती चालत रिंगणाबाहेर आली. धाकटा मागून तणतणत होता, दोन शेळ्या गेल्या, रिंगण गेलं, तेलही गेलं, तूपही गेलं, आता हातात धुपाटणं. ती ऐकत होती. त्याचं चूक नव्हतं. पण पाय थांबले नाहीत.

दाराबाहेर, बाजाराच्या रस्त्यालगत, आबांची नाल मारायची जागा होती. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनची. तिथं दलालाचा काही संबंध नव्हता. ऐरण धूळ खात पडली होती. तिनं पदरानं ती पुसली, वर पोत्याचं छप्पर ताणलं आणि कॅमेरा सावलीत ठेवला. तिघं बसून राहिली. जनावरं समोरून जात होती. लोक बघत होते आणि पुढे जात होते. काही जणांनी तर मुद्दाम बैल रस्त्याच्या पलीकडून नेला. धाकटा म्हणाला, "बघ. ज्याच्या बैलाला खोड आहे, तो आपल्याकडे कशाला येईल?"

"ज्याच्या बैलाला नाही, तो येईल," ती म्हणाली. आवाजात होती तेवढी खात्री मनात नव्हती.

ऊन उतरायला लागलं तेव्हा एक माणूस तांबडा बैल घेऊन समोर थांबला. घुटमळला. रिंगणाच्या दाराकडे एकदा बघितलं आणि मग बैल सरळ ऐरणीपाशी आणला. "विकायचा आहे," म्हणाला. "पाय चारी चांगले आहेत. पण मी सांगून कोण ऐकतो? प्रत्येकजण आपल्या बैलाबद्दल तेच सांगतो. म्हाताऱ्यानं सांगितलं तर..." तो थोडा ओशाळला. "मघाचा तो व्हिडिओ ऐकला मी. तसाच काढाल का? सगळा बोलण्यासकट?"

आबा उठले. गुडघे कटकन वाजले. बैलाच्या बाजूनं जाऊन त्यांनी कानाखाली हात ठेवला आणि तसेच थांबले. रिंगणाच्या दारात दलाल कमरेवर हात ठेवून इकडेच बघत होता. आबांनी ते बघितलं. मग लेकीकडे वळले, चांगल्या हातानं कॉलर चाचपली आणि हळू आवाजात विचारलं, "लावलंय का ते?"

"लावलंय, आबा," ती म्हणाली आणि कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला. "बोला. आता मोठ्यानं बोला."